कलम अकराची शेवटची ओळ

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी बरी आहे. दाढ पुन्हा दुखायला लागली होती, शेवटी काढून टाकली. लेक अभ्यासाला बसते म्हणून खोलीत जाते आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपते. बाकी घरी सगळं ठीक.

तुझे फोन आलेले दिसले. सहा होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. नाहीतरी आपल्या दोघींचं महत्त्वाचं बोलणं आजवर कागदावरच झालंय.

नोटिशीबद्दल. तुझा निरोप वाचला. तुम्हा दहाही घरांना मालकाने तीन महिन्यांची मुदत दिली आहे, बाजारभावाने भाडं द्या नाहीतर घर सोडा. तू विचारलंस की घर मालकाचं, भाडं आमचं, मग यात तुझ्या कर खात्याने कुठून नाक खुपसलं. सांगते.

तुमची इमारत बांधली तेव्हा मालकाने आमच्या योजनेत भाग घेतला होता. योजना अशी, की इमारतीतली एक चतुर्थांश घरं साध्या कमाईच्या लोकांना ठरलेल्या कमी भाड्याने द्यायची आणि त्या बदल्यात पंधरा वर्षं संपूर्ण इमारतीची घरपट्टी निम्मी. कुणावर जबरदस्ती नाही. बांधणाऱ्याला कर वाचतो, माणसांना घर मिळतं, शहरालाही बरं. इमारतीतल्या चव्वेचाळीस घरांतली अकरा म्हणजे ती एक चतुर्थांश, तुमची दहा आणि मधे रिकामं झालेलं एक. सोडतीत तुझा नंबर लागला तेव्हा मी त्या कामापासून मुद्दाम लांब राहिले होते, माझी बहीण अर्जदार आहे असं लिहून दिलं होतं, हे तुला आठवत असेल. तुझं घर तुझ्या नशिबाने मिळालं, माझ्या वशिल्याने नाही.

योजना मात्र माझी होती. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, कारण खात्यात योजना चालली तर ती साहेबांची आणि पडली तर मसुदा करणाऱ्याची. चार वर्षं मी ती टिपणी टेबलाटेबलावरून हिंडवली. एकाने लिहिलं ‘चर्चा करावी’. दुसऱ्याने लिहिलं ‘चर्चा झाली’. काय झाली ते कुणीच लिहिलं नाही. तिसऱ्याने फाईल सहा महिने खिडकीच्या फटीत लावली होती, वारा येतो म्हणून. खोटं वाटत असेल तर फाईलवरचे डाग दाखवते. आता सगळे उंटावरून शेळ्या हाकतात, की बाई, बिल्डरला सवलत देऊन गरिबाला घर मिळत असतं तर काय हवं होतं. अरे, मिळालं ना. शहरभर मिळून तीनशे अकरा घरं मिळाली. मी मोजली आहेत.

असो. तुमच्या मालकाने दुसऱ्या मजल्यावरचं एक घर, ते मास्तर सोडून गेले ते, ठरलेल्या भाड्याने न देता दोन-दोन रात्रींच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. हे खात्याच्या लक्षात आलं. पाहणी झाली. अटीचा भंग दिसला. आदेश निघाला आणि सवलत रद्द झाली. सवलत गेली म्हणजे तिच्यासोबतच्या अटीही गेल्या, असं नियमात आहे. इथेच घोडं पेंड खातं. अटी गेल्यामुळे मालकावर कमी भाड्याचं बंधन उरलं नाही, आणि त्याने लगेच तुम्हाला नोटिसा धाडल्या.

मला स्वतःला याचा फार त्रास होतो आहे. आदेश कुठल्या टेबलावरून निघाला ते बघावं लागेल. आमच्याकडे एका कागदाला सात हात लागतात. लिफ्ट बंद आहे म्हणून वरच्या मजल्यावरची फाईलही चार दिवस खाली येत नाही, काल मीच जाऊन आणली तर ती दुसऱ्याच इमारतीची निघाली. चौकशी करते आणि कळवते. तोवर घाबरू नकोस आणि मालकाशी भांडायलाही जाऊ नकोस.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, जिना चढताना कठडा धरला तर कुणी म्हातारं म्हणत नाही.

तुझी,
बारकी


दि. ७ फेब्रुवारी

चि. बारकी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाढ काढलीस ते बरं केलंस, पण तुझं पत्र वाचून मला वाटलं दाढेबरोबर जीभही काढली की काय. एवढं लांब पत्र आणि त्यात ‘पाहणी झाली’, ‘आदेश निघाला’, ‘सवलत रद्द झाली’. कुणी केली, कुणी काढला, कुणी रद्द केली? तुमच्याकडे सगळं आपोआप होतं का गं? मग पगार कसले घेता?

इकडचं ऐक. गोडबोल्याने (आम्ही मालकाला हेच म्हणतो) आदेशाची नक्कल जिन्यात काचेच्या चौकटीत लावली आहे. कुणी आपल्या मुलाचं प्रमाणपत्रही इतक्या हौसेने लावत नाही. मला म्हणतो, ‘ताई, माझी फार इच्छा होती हो तुम्ही राहावं अशी, पण सरकारनेच माझे हात बांधले.’ हात बांधले म्हणतो आणि त्याच हाताने नवीन भाडेकरूंना घरं दाखवत फिरतो. परवा दोघंजण माझ्या शिवणाच्या खोलीत उभे राहून पडद्याचं माप घेत होते. मी मशीनवर बसलेली. मी म्हटलं, घ्या, माझंही माप घ्या.

आदेशाखाली सही आहे, पण ती वाचणाऱ्याला बक्षीस लावावं लागेल. त्याखाली नुसतं ‘कर अधिकारी, सवलत विभाग’. तुझ्या ओळखीतलाच कुणी असेल तर त्याला विचार, बाबा रे, मालकाला शिक्षा करायची होती की आम्हाला?

मी मजल्यामजल्यावर सांगितलं आहे की माझी धाकटी कर खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, ती असं होऊ देणार नाही. चौथ्या मजल्यावरचे घड्याळजी रोज संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, ‘बहिणीचं काही आलं का?’ मी म्हणते, येईल. तेव्हा काय ते लवकर पाठव, मला तोंड दाखवायला जागा ठेव.

आणखी एक. मास्तरांच्या घरात पाहुणे उतरतात हे तुमच्या खात्याला कुणीतरी जाऊन सांगितल्याशिवाय कळणार नाही. जिना झाडणाऱ्या मावशींकडे त्या घराची किल्ली असते, चादरी त्याच बदलतात. म्हणजे त्यांचंच काम. काल मी त्यांना जिन्यात सगळ्यांसमोर बोलले, की आमच्या पोटावर पाय दिलात. त्या नाही नाही म्हणत रडल्या. आज कामाला आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण एका चुगलीने दहा घरं उठणार असतील तर बोलू नको का?

सात घरं बदलली आम्ही अकरा वर्षांत, तुला माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी एक-दोन खोकी मी बांधलेलीच ठेवायची, पुन्हा बांधण्याचा त्रास नको म्हणून. या घरात आल्यावर पहिल्यांदा सगळी उघडली आणि रिकामी खोकी भंगारात दिली. आता नवीन खोकी आणणार नाही, सांगून ठेवते. उचलून न्यायचं तर मशीनसकट मला उचलून न्या म्हणावं.

यावर काही अर्ज वगैरे असतो का? असेल तर नमुना पाठव. तुझ्या भाऊजींचा गुडघा तसाच, जीभ मात्र सुधारली आहे, तुझ्या खात्याला रोज नवी शिवी शोधतात.

तुझी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच, आणि भाऊजी बाहेर गेले असताना वाच. त्यांना नंतर तूच सांग.

पाहणी मी केली. आदेश मी काढला. सवलत मी रद्द केली. जिन्यातल्या चौकटीतली सही माझी आहे. चार वर्षांपूर्वी बढती मिळाल्यावर दिवसाला शंभर कागदांवर सही करावी लागायला लागली, तेव्हापासून ती तशी झाली. तू माझी शाळेतली सही ओळखतेस, ही ओळखली नाहीस यात तुझी चूक नाही.

आणि चुगली मावशींनी केली नाही. तू केलीस. म्हणजे तू केली नाहीस, मी तुझ्याकडून उचलली. डिसेंबरातला तो शेवटचा रविवार आठव. मी कोटाची चेन बसवायला आले होते. तू तोंडात टाचण्या धरून हसत सांगत होतीस, की मास्तरांच्या घरात आता चाकांच्या बॅगावाले येतात, जिन्यात रात्रंदिवस खडखड, एकाने तर तुझ्याच दाराला किल्ली लावून बघितली. मग म्हणालीस, ‘हे ऑफिसात बोलू नकोस हं, आज तू सुट्टीवर आहेस.’ मी म्हटलं, छे गं. आणि चौथ्या दिवशी शिपाई आणि मोजणीदार घेऊन तुमच्या इमारतीत हजर झाले. तू त्या वेळी दोऱ्याची रिळं आणायला गेली होतीस. मी मुद्दाम ती वेळ निवडली होती.

मला का इतकी घाई झाली ते सांगते, पटवून देण्यासाठी नाही. चार वर्षं मला ऐकवत होते की बिल्डर सवलत खाऊन ढेकर देतील आणि तुम्ही बघत बसाल. तेव्हा एकाला तरी मला स्वतःच्या हाताने पकडायचं होतं. पाहणीला जाण्याआधी आम्हाला एक छापील कागद भरावा लागतो, की या इमारतीत माझं कुणी नातेवाईक राहत नाही. राहत असेल तर फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. मला ठाऊक होतं, तिकडे गेली की ती वर्षभर उठणार नाही. मी ‘कुणी नाही’ अशी खूण केली आणि सही केली. सोडतीच्या वेळी तुझं नातं लिहून देणारी मीच, आणि या वेळी पुसणारीही मीच.

गोडबोल्याने स्वतः दार उघडलं. चादरींच्या घड्या, छोटे साबण, भिंतीवर पाहुण्यांसाठी सूचना, सगळं त्यानेच दाखवलं. आम्हाला थंड पाणी दिलं. मला वाटलं, काय निर्ढावलेला माणूस आहे. पाहणीच्या कागदावर त्याने इतक्या झटकन सही केली की मोजणीदार माझ्याकडे बघायला लागला. मला तेव्हाही उमगलं नाही. मी जिंकल्याच्या थाटात ऑफिसला आले आणि तीन दिवसांत आदेश काढला. आमच्याकडे तीन दिवसांत पंख्याचं बटणही दुरुस्त होत नाही.

पलीकडे नवा पूल झाल्यापासून तुमच्या रस्त्यावरची भाडी दुप्पट झाली आहेत. निम्मी घरपट्टी वाचवून त्याला जे मिळत होतं त्याच्या कितीतरी पट तुमची दहा घरं रिकामी करून मिळणार. त्याला योजनेतून बाहेर पडायचं होतं आणि पंधरा वर्षं बाहेर पडायची सोय नव्हती. सोय एकच होती, अट मोडायची आणि पकडलं जायचं. माझा आदेश म्हणजे त्याला पडत्या फळाची आज्ञा. दंड त्याने दुसऱ्याच दिवशी भरला. सुंठीवाचून खोकला गेला त्याचा.

ही सोय त्याला कुणी दिली? तेही मीच. कलम अकरामध्ये मी लिहिलं की अटभंग झाल्यास सवलत रद्द होईल. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण आमच्या खात्यात कुठलीही सवलत रद्द करायच्या नमुन्याखाली एक ओळ असतेच, ‘तसेच सवलतीसोबतच्या सर्व अटी व शर्ती संपुष्टात येतील.’ दुकानदारांची सवलत, गोदामांची सवलत, सगळीकडे तीच ओळ. फाईल बंद तर फाईलमधलं सगळं बंद, अशी आमची शिस्त. मीही हाताच्या सवयीने ती उतरवून घेतली. दुकानदाराच्या फाईलमध्ये अटी संपल्या तर कुणाचं बिघडत नाही. इथे त्या अटी म्हणजे तुमची घरं होती. मसुदा सात टेबलांवरून फिरला, स्वल्पविरामावर दोन बैठका झाल्या, या ओळीवर कुणीही बोट ठेवलं नाही, कारण ती सगळ्यांची पाठ होती. पण मसुदा माझा होता. मला रात्रंदिवस स्वतःचा राग येतो आहे, आणि तुला तोंड दाखवता येत नाही म्हणून मी तुझे सहा फोन वाजू दिले.

मागच्या पत्रात मी तुला ‘चौकशी करते’ लिहिलं ते खोटं होतं. चौकशी करण्यासारखं काही नव्हतं.

आता अर्जाचं. असतो. मला तेव्हाही माहीत होतं आणि मी लिहिलं नाही, कारण तो अर्ज माझ्याच विरोधात जातो.

आदेशापासून पंचेचाळीस दिवसांत तिथे राहणारा कुणीही हरकत घेऊ शकतो. बावीस तारीख शेवटची. बाकी कुठल्याही कारणाने हा आदेश फिरणार नाही, कारण अटभंग खरा आहे. एकच कारण चालेल. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने नातं लपवलं, म्हणून पाहणी बाद, म्हणून आदेश बाद. आदेश बाद झाला की सवलत जिवंत, अटी जिवंत, आणि गोडबोल्याच्या नोटिसा रद्दीत. पुन्हा सुनावणी होईल, दुसरा अधिकारी करेल, तिला चार-सहा महिने लागतील. तेवढ्यात कलम अकराची ती ओळ काढून तिथे ‘सवलत रद्द झाली तरी ठरलेल्या भाड्याची अट पूर्ण पंधरा वर्षे राहील’ अशी दुरुस्ती व्हावी म्हणून मी प्रस्ताव दिला आहे. समितीसमोर तो पुढच्या महिन्यात येतो. ज्यांची सवलत तेव्हा चालू असेल त्यांनाच दुरुस्ती लागू होईल. म्हणून हरकत आत्ताच जायला हवी. प्रस्ताव मंजूर होईलच असं वचन मी देत नाही. माझ्या वचनांचा भाव तुला आता कळला आहे.

मी सोमवारी साहेबांकडे गेले होते. सगळं सांगितलं. लेखी खुलासा पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, ‘मॅडम, आपला आदेश आपल्याला फिरवता येत नाही. राहणाऱ्यांपैकी कुणी हरकत घेतली तर बघू. कुणी घेतली नाही तर तुम्ही कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?’ मग म्हणाले, ‘बहीण आहे ना तुमची? ती कशाला घेईल हरकत?’ चांगला माणूस आहे. त्याने मला वाचवायचाच प्रयत्न केला.

हरकत गेली की माझी चौकशी लागेल. योजना माझ्याकडून काढून घेतील, बहुधा निलंबनही होईल. हे तुला कळवते, कारण नंतर कुणीतरी सांगेलच. पण या भीतीने अर्ज अडवून धरू नकोस. मी आठवडाभर हाच हिशेब करत होते, आणि तेवढ्यात बोल मावशींना बसला.

त्यांच्याकडे आधी जा. अर्ज नंतर. जिन्यात सगळ्यांसमोर बोललीस तर जिन्यात सगळ्यांसमोरच सांग की चूक माझ्या बहिणीची होती. घड्याळजींनाही सांग. ते आज संध्याकाळी विचारतील तेव्हा म्हण, बहिणीचं आलं.

अर्ज सोबत जोडला आहे. चार रकाने मी भरलेत, तारीख आणि आदेशाचा क्रमांकही. पाचवा रकाना आहे ‘संबंधित अधिकाऱ्याशी अर्जदाराचे नाते’. तो मी भरू शकत नाही, तो तुझ्याच अक्षरात हवा. तुझा राग मला माहीत आहे. रागाच्या भरात तिथे रेघ मारशील किंवा ‘काही नाही’ लिहिशील. तसं लिहिलंस तर अर्ज पहिल्याच टेबलावर बाद होईल आणि दहा घरं उठतील. माझ्याशी बोलू नकोस, दार उघडू नकोस, हवं तर आयुष्यभर. पण त्या रकान्यात ‘सख्खी बहीण’ असं लिही.

अर्जापुरती तरी तुझीच,
बारकी